पिवळ्या फडक्यातली सनद

खर्डी स्टेशनावरून रिक्षा डोंगराकडे वळली की अगदी शेवटी जे गाव लागतं, तिथं कुंडलिक राहत असे. राहत असे हे आपलं म्हणायचं. माणूस एका जागी टेकेल तर राहील ना! खळ्यावर झोडणी चालू असली की हा बांधावर. बांधावर काम निघालं की हा पारावर. आणि पारावर चार माणसं जमून गप्पांना रंग चढला की याला आठवणार, म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा. बायको गोजर सांगायची, "आमच्या लग्नात यांना अंतरपाटामागं धरून ठेवायला दोन माणसं लागली. एक डावीकडनं, एक उजवीकडनं. लोकांना वाटलं, नवरा पळून चाललाय."

असा हा माणूस फक्त एका कामाला मांडी घालून, पाठ ताठ करून बसायचा. ते म्हणजे सुपारी फोडणं.

त्या भागात सोयरीक ठरली की भरल्या बैठकीत सुपारी फोडतात. सुपारी फुटली म्हणजे शब्द पक्का. मग जो मागे हटेल त्याच्या तोंडात दहा गावं शेण घालायला मोकळी. ती सुपारी कोणी फोडायची हा मान, आणि कुंडलिकच्या गावात तो मान कुंडलिकच्या घराचा. बाप गेल्यापासून गावातली झाडून सगळी लग्नं त्याच्या अडकित्त्याखालून गेलेली. एखाद्या जोडप्याची भांडणं कानावर आली तर तो छाती काढून म्हणे, "असं कसं मोडंल? सुपारी मी फोडलीय!"

आणि हा मान कुठून आला? तर सनदेतून. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागं पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. आत मोडी कागद. त्यात काय लिहिलंय ते घरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकाला ते नीट ठाऊक होतं. कुंडलिकचा बाप सांगायचा, कुंडलिकच्या पणजोबाला, गणू पाटलाला, पेशव्यांनी पाच गावचा मान दिला. पेशवाई बुडाली तेव्हा गणू जन्मलासुद्धा नव्हता, पण बापाला कोण विचारणार? कुंडलिकच्या वेळेपर्यंत पाचाची सात गावं झाली होती. घरात लग्न निघालं की पहिलं आमंत्रण गाठोड्याला. बायका फडकं सोडत, वरच्या कागदाला तेलात कालवलेलं कुंकू फासत, हळद टाकत, आणि पुन्हा गाठ मारून ठेवत. वाचायचा विचार कोणाच्या मनात आला नाही. देवाच्या पोटात काय आहे ते कोणी बघतं का?

सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षात कुंडलिकच्या मुलाची, आदेशची, सोयरीक निघाली. आदेश वाशिंदला कारखान्यात कामाला. मुलगी नम्रता, मुरबाडकडे धसईच्या वाटेवरच्या बाळारामची. ती शिवणक्लासासाठी वाशिंदला मावशीकडे राहिली होती. दोघांची ओळख कशी झाली ते विचारू नये. आदेशच्या पँटी एकाएकी वारंवार उसवायला लागल्या होत्या, एवढं पुरे.

बोलणी करायला कुंडलिक, गोजर आणि आदेश बाळारामच्या घरी गेले. पोहे झाले, चहा झाला, कुंडलिक ओटीवरून चार वेळा उठून अंगणात जाऊन आला. सगळं जुळलं. मग बाळाराम सहज बोलून गेला, "येत्या रविवारी सुपारी फोडू. आमच्यात आमीच फोडतो, मुलीवाले."

कुंडलिक उठून उभा राहिला. "नाय नाय. ज्या बैठकीत आमी, तिथली सुपारी आमच्या हातची. आमच्याकडं सनद हाय."

"कसली सनद?"

"मोडीतली. सात गावचा मान हाय आमच्या घराला. मी बैठकीत बसलो की..."

आतल्या दारात पाय पसरून बाळारामची आत्या बसली होती. ठकीआत्या. वय ऐंशीच्या पुढं, दात एकही नाही, जीभ मात्र शाबूत. ती बोलली, "बसलास कवा रे बाबा? आल्यापासनं उभाच हायस!"

सगळे हसले. कुंडलिकला ते जास्तच लागलं. त्यानं आवाज चढवला. बाळारामही काही मऊ मातीचा नव्हता. तो शांतपणे बोलला, "सनद असंल तर दाखवा. कागदात लिवलेलं असंल तर आमी मान देऊ. उगीच तोंडाच्या गोष्टीवर आमच्या दारचा मान आमी कसा सोडायचा?"

"दाखवतो की! रविवारी कागद घेऊनच येतो!"

येताना एसटीत गोजर खिडकीबाहेर बघत बसली होती. किन्हवली गेल्यावर तिनं विचारलं, "ती सनद वाचलीय का कोणी?"

"सनद वाचायची नसते, पुजायची असते."

"मग रविवारी काय, त्यांच्याकडनं आरती करून घेणार काय?"

आठवड्याच्या मधेच बाळारामचं अंतर्देशीय पत्र आलं. आदेशनं ते मोठ्यानं वाचलं. ‘आपला शब्द आहे तर कागद आणावा. वाचणारा माणूस आणावा. कागद नसेल तर सुपारी आम्ही फोडू, आणि तेही मान्य नसेल तर रविवारी येण्याची तसदी घेऊ नये. वाशिंदचे दुसरे स्थळ आठ दिवस थांबले आहे, त्यांना होकार कळवू.’

आदेशनं पत्राची घडी घातली. "बाबा, सुपारी दगडानं फोडा, गाडीखाली घाला. मला लगीन करायचंय."

"तुला नाय कळायचं. मान गेला की माणसाचं काय राहतं?"

"बायको राहते," आदेश बोलला आणि बाहेर निघून गेला. गोजरनं पदरात तोंड लपवलं, हसण्यासाठी की कशासाठी ते कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कुंडलिकनं गाठोडं छातीशी धरून शहापूर गाठलं. तिथं कमळाकर नावाचा म्हातारा होता. जमिनीच्या जुन्या कागदांत जन्म घालवून निवृत्त झालेला. मोडी त्याला येत होती, आणि जेवढी येत होती त्याहून बरीच जास्त येते असं तो सांगत असे. त्याच्यात दोष एकच. शहापुरात पेपर उशिरा पोचायचा, कमळाकर कधी उशिरा पोचला नाही. कानावर पडलेली गोष्ट त्याच्या पोटात भजी पचेपर्यंतसुद्धा टिकत नसे.

कमळाकरनं ओसरीवर ऊन बघून बैठक मारली, चष्मा पुसला, भजी मागवली. कुंडलिक ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागला.

"अरे, सावली नको पाडू कागदावर. बस."

"तुमी वाचा हो."

कमळाकरनं फडकं सोडलं. वरचा कागद बघून तो दचकला. "हे काय केलंय? हा कागद आहे की मिरचीचा ठेचा?"

शंभर वर्षांच्या लग्नांचं तेल-कुंकू त्या कागदात मुरलं होतं. लाल, चिकट, जाड. नखानं खरवडलं तर अक्षर दिसायच्या आधी कागदच निघायला लागला. कमळाकरनं तो बाजूला ठेवला आणि खालचे चार कागद उचलले. ते चांगले होते. कुंकवानं वाचवलेले म्हणा. त्यानं पहिला कागद दूर धरला, जवळ आणला, आणि मिशीत हसला.

"कुंडलिका, ही सनद नाही रे. सोयरिकीची पत्रं आहेत. शके अठराशे सहा. तुझ्या गणू पणज्यानं मालू नावाची मुलगी मागितलीय मुलाला."

"मालू? ती माझी आजी!"

"मग ऐक आजीच्या लग्नाची गंमत." कमळाकरनं आवाज लावला. ‘राजश्री येसू पाटील यांसी गणू पाटील याचा रामराम. विनंती विशेष. तुमची कन्या आमचे चिरंजीवास पसंत. दशमीस सुपारीस येतो. मात्र सुपारी आमचे हाते फुटेल, हे ध्यानी असावे.’

"बघा!" कुंडलिक ओरडलाच. "आमचे हाते! हीच सनद!"

"अरे, तो नुसता म्हणतोय. म्हणायला काय, मी पण म्हणेन. पुढं ऐक. हे मुलीच्या बापाचं उत्तर. ‘आमचे दारची सुपारी आमचे हाते फुटत आली, पुढेही फुटेल. येणे तर येणे.’"

कुंडलिकच्या फेऱ्या वाढल्या. कमळाकरनं मुद्दाम एक भजं सावकाश खाल्लं, बोटं पुसली आणि तिसरा कागद उचलला. वाचता वाचता त्याला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं? अहो, काय झालं?"

कमळाकरनं मुलीच्या बापाचं ते दुसरं पत्र वाचून दाखवलं. ‘भरल्या बैठकीत आम्ही अडकित्ता दिला नाही म्हणोन आपण सुपारी उचलून मुखी घातली व जोर केला. सुपारी फुटली नाही, आपली दाढ फुटली, याचे वाईट वाटते. सोबत लवंगेचे तेल धाडिले आहे. कन्येचा विचार तूर्त राहिला.’

कुंडलिक जागच्या जागी थांबला. त्याची जीभ आपोआप उजव्या दाढेकडे गेली.

"आणि हे तुझ्या पणज्याचं शेवटचं," कमळाकर डोळे पुसत बोलला. ‘तेल पावले. ठणका राहत नाही. भाकर दुधात कालवून खातो. गावातली पोरे गालाकडे बोट करितात. सुपारी तुम्हीच फोडावी. मुलगी तेवढी द्यावी.’

"बास!" कुंडलिकनं कागद ओढून घेतले. "पेशवे कुठंयत यात?"

"पेशवे नाहीत. लवंगेचं तेल आहे."

दोन्हीकडची पत्रं एका गाठोड्यात कशी, हा प्रश्न कमळाकरलाही पडला. मग कुंडलिकलाच आठवलं. त्याची आई सांगायची, गाठोडं मालूआजीनं बांधलं होतं. बापाकडची पत्रं तिनं माहेराहून मागून आणली आणि सासरच्या पत्रांत मिसळून देव्हाऱ्यात ठेवली. कशाला, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. सासऱ्याच्या डोळ्यासमोर रोज पूजेच्या वेळी ती दाढ असावी, अशी बाईची इच्छा असेल. बायकांचं काय सांगावं!

कुंडलिकच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तीस वर्षं अडकित्ता हातात धरलेला. गावाला हे कळलं तर? बाळारामला कळलं तर? आणि कागद नाही म्हणावं तर पोराचं लग्न जाणार. तो खाली बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्याची नजर त्या लाल कागदावर पडली.

"तात्या, ह्ये लाल कोणाला वाचता येईल का?"

"ब्रह्मदेवालाही नाही."

"मग तुमी काय पण वाचा."

कमळाकरचे डोळे लकाकले. इतक्या वर्षांत त्याला कोणी असं काम दिलं नव्हतं. तो लगेच तयार झाला. कुंडलिकनं त्याच्याकडून देवाची शपथ घेतली की दाढेचं कोणाला बोलणार नाही, आणि रविवारपर्यंत त्याला आपल्याच घरी नेऊन ठेवलं. शपथेवर विश्वास नव्हता म्हणून नाही, शहापुरातल्या टपऱ्यांवर नव्हता म्हणून.

ते दिवस कसे गेले ते कुंडलिकलाच माहीत. कमळाकर पडवीत बसून आमटी-भात ओरपायचा आणि आदेश समोर आला की गाल धरून "स्स्" करायचा. कुंडलिक दचकून भाताच्या मळणीतून धावत यायचा. काही न होता त्याचीसुद्धा दाढ ठणकायला लागली. गोजरनं विचारलं, "काय झालं गालाला?" तर तो खेकसला, "गालाला काय होतंय? गाल गालाच्या जागी हाय!"

रविवारी बाळारामच्या ओटीवर बैठक भरली. सतरंजीवर दोन्हीकडची माणसं, मधे ताटात हळदकुंकू, नारळ, विड्याची पानं आणि एक सुपारी. ठकीआत्या आपला छोटा खलबत्ता मांडीशी घेऊन दारातच. तिच्या मागं नम्रताच्या बांगड्या वाजत होत्या. आदेश मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत होता. कुंडलिक त्या दिवशी बसला होता खरा, पण कढईतल्या लाहीसारखा.

कमळाकरनं लाल कागद दोन्ही हातांवर घेतला, कपाळाला लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं छान झाली. अखंडित लक्ष्मी अलंकृत वगैरे. माणसं सावरून बसली. ते बघून कमळाकरला चेव आला. जन्मभर जमिनीचे कागद वाचलेला माणूस, त्याच्या जिभेला दुसरं वळण कुठून असणार?

‘...गणू पाटील यांसी सुपारीचा पहिला मान, तसेच मौजे मजकूर येथील माळ, वरकस, नदीकाठची पड जमीन, आंब्याच्या झाडांसुद्धा, वंशपरंपरेने...’

"थांबा," बाळाराम बोलला. "मौजे मजकूर म्हणजे कोणतं गाव?"

कमळाकर भरात होता. "म्हणजे हेच गाव!"

ओटीवर एकदम मधमाश्यांच्या पोळ्याला दगड लागल्यासारखं झालं. या तालुक्यांत जुना कागद निघाला की माणूस आधी आपला बांध आठवतो. लग्नाचा असो, बारशाचा असो, कागद म्हणजे जमीन. बाळाराम ताडकन उठला. त्याचे भाऊबंद उठले. नदीकाठचा तुकडा त्याचाच होता.

"पाव्हणं, सोयरीक करायला आलात की सातबारा न्यायला?"

"तसं नाय हो..."

"तरीच सनद सनद करत होतात! पोरगी घ्यायची आणि मागनं जमीन! उचला तुमचं गाठोडं. वाशिंदला निरोप धाडा रे!"

आतून बांगड्यांचा आवाज बंद झाला. आदेशनं मान वर केली आणि बापाकडं बघितलं. रागानं नाही. लहान असताना जत्रेत हात सुटल्यावर बघायचा तसं.

कुंडलिक उभा राहिला. मग एकदम ओरडला, "खोटं हाय ते! सगळं खोटं! सनद नाय, जमीन नाय, काय नाय! माझ्या पणज्यानं सुपारी दातानं फोडायला घेतली आणि त्याची दाढ फुटली! एवढंच लिवलंय त्यात!"

बाळाराम उठलेला होता तसाच राहिला.

"काय फुटली?" ठकीआत्यानं दारातून विचारलं.

"दाढ," कुंडलिक पडेल आवाजात बोलला.

"कोणाची?"

"गणू पणज्याची. लवंगेचं त्याल लावलं."

"वाच रे म्हाताऱ्या," ठकीआत्या कमळाकरला बोलली, "ते वाच. जमिनीचं नको. दाढेचं वाच."

कमळाकर हे ऐकायलाच थांबला होता. त्यानं चारही पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. येसू पाटलाचा आवाज वेगळा, गणूचा वेगळा, आणि ठणक्याच्या जागी स्वतःचा गाल धरून. ‘भाकर दुधात कालवून खातो’ला बाळारामचा एक भाऊ सतरंजीवर आडवा झाला. ‘पोरे गालाकडे बोट करितात’ला आतून नम्रताचं हसू फुटलं, आणि ते ऐकून आदेशही हसला. बाळारामनं कसंबसं तोंड सरळ ठेवलं होतं, पण ‘मुलगी तेवढी द्यावी’ आलं आणि तोही खाली बसला. चारही पत्रांच्या अक्षरांवर त्यानं बोट फिरवून बघितलं. वाचता येत नव्हतं, पण जमिनीचे आकडे कसे दिसतात ते त्याला ठाऊक होतं. तसं काही नव्हतं.

"म्हणजे मुलगी दिली शेवटी त्यानं?" बाळारामनं विचारलं.

"दिली ना. म्हणून तर मी हाय," कुंडलिक बोलला. तो अजून उभाच होता. कोणाकडं बघावं ते त्याला सुचत नव्हतं. गोजर बायकांत बसली होती. तिनं डोळ्यांनीच त्याला खाली बस म्हणून खुणावलं.

बाळारामनं सुपारी ताटातून उचलली आणि कुंडलिकपुढं धरली. "घ्या. तुमीच फोडा."

"नाय, तुमच्या दारची सुपारी. तुमी फोडा."

"अहो, भरल्या बैठकीत खरं बोललात, हा मान तुमचा."

"नको हो. मी हात लावणार नाय."

"मग मी पण नाय लावणार!"

अर्ध्या घटकेपूर्वी मानासाठी एकमेकांच्या उरावर बसायला निघालेली ही दोन माणसं, आता तोच मान एकमेकांच्या खिशात कोंबायला लागली. दोघंही हट्टाला सारखीच. सुपारी इकडून तिकडं, तिकडून इकडं. आत भात निवत चालला. आदेश कपाळाला हात लावून बसला. शेवटी ठकीआत्यानं हात लांब केला आणि बाळारामच्या बोटांतून सुपारी काढून घेतली.

"आत्ये, बायका कुठं सुपारी..." भाऊबंदांतला एक जण बोलला.

"गप रे. माझ्या तोंडात एक दात नाय. माझं काय फुटणार हाय?"

तिनं सुपारी खलबत्त्यात टाकली आणि ठणाठणा कुटली. नारळ, पान, कुंकू सगळं ताटात राहिलं आणि सोयरीक खलबत्त्यात पक्की झाली. नम्रताच्या आईनं घाईघाईनं सगळ्यांना साखर वाटली, न जाणो, पुन्हा कोणाला काही आठवायचं. कमळाकर शेजारच्याला सांगत होता की हे पत्र शहापुरात चार ठिकाणी वाचण्यासारखं आहे.

ठकीआत्यानं सुपारीची बारीक पूड चिमटीत घेतली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कुंडलिकच्या समोर येऊन उभी राहिली.

"पहिली चिमूट व्याह्याला. आ कर."

"आत्या, हातात द्या की."

"हातात दिलं तर पळशील. आ कर बोलते ना!"

सगळी बैठक बघत होती. कुंडलिकनं गालावर हात ठेवला आणि आ केला.